फौजदाराचा परवाना

३ मार्च

चि. भिंगरीस, ताईचे भरभरून आशीर्वाद.

पुलाच्या कामावर दोन वेळ धड जेवतोस ना? इथे काल घाबरगुंडी उडाली होती. आपला फौजदार बोका दोन दिवस गायब होता, तो कान फाडून घेऊन परत आला. चिमी कानाला हात लावायला गेली आणि त्याने तिच्या अंगठ्याखाली दात रुतवले. लेकीचं रक्त बघून मी तिला उचललं. तशीच दवाखान्यात पळाले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, बोक्याला रेबीजची लस दिली आहे का. मी पर्समधून बोका पाळायचा परवाना काढला. नगरपालिकेचा शिक्का, ऑगस्टातली लसीची तारीख, मालक म्हणून तू. त्या म्हणाल्या, मग घाबरू नका. जखम धुऊन, पट्टी बांधून घरी पाठवलं. नियमाप्रमाणे फौजदाराला दहा दिवस न्हाणीघरात कोंडलंय.

तुझे भावजी म्हणाले, भिंगरीने जन्मात एक काम तरी धड केलं. खरं सांगते, ऊर भरून आला.

तुझ्यावरचा लोभ काल थोडा वाढलाच आहे, तो सांभाळ.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस सा. न.

हे पत्र आत्ता खाली ठेव आणि चिमीला दवाखान्यात ने. आधी ने. मग पुढचं वाच.

फौजदाराला लस दिलेलीच नाही.

ऑगस्टात त्याला लस टोचून आणायला तू मला पिशवी देऊन पाठवलंस ना, त्या दिवशी तो मला ओरबाडून कौलांवर जाऊन बसला. मी तासभर खालून लाडीगोडी लावत होतो. परवान्याची शेवटची तारीख तीच आणि संध्याकाळी माझी गाडी. शेजारच्या शिंपीणबाईंचा बोका ओट्यावर पसरला होता. तोही पिवळा, आणि उचलला तरी डोळे उघडत नाही. त्यालाच नेलं. गुरांच्या डॉक्टरांनी मला बोक्यासकट काट्यावर उभं केलं, मग एकट्याला, आणि वजाबाकी केली. मी एकसष्ट किलो भरलो. नाव विचारलं तर मी म्हणालो, फौजदार. ते म्हणाले, नावाला शोभत नाही हो. आम्ही दोघेही हसलो. हे काय सांगत बसलोय मी!

ताई, मला वाटलं होतं की हा नुसता कागद आहे. नियम म्हणजे कचेरीतल्या लोकांचा उद्योग. तुझं पत्र आज दुपारी मिळालं तेव्हापासून तेच पुन्हा पुन्हा वाचतोय. हातातला पाना दोनदा नदीत पडला. मुकादम ओरडला, तेही नीट ऐकू आलं नाही.

टपालाला चार दिवस लागतात, म्हणून सिमेंटच्या ट्रकवाल्याकडे देतोय. तो उद्या सकाळी तुझ्या दारात येईल. मीच आलो असतो, पण ट्रकमध्ये जागा नाही.

लोभ उरला असेल तर ठेव, ताई. नसेल तरी चिमीचं कळव.

भिंगरी

१२ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद मागाहून, मन झालं तर.

ट्रकवाला भला माणूस. माझा चेहरा बघून त्यानेच आम्हाला दवाखान्यात सोडलं. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. आम्ही मायलेकी तिच्यावर बसून गेलो.

इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली. सहा दिवस वाया गेले होते. त्यातच फौजदाराने दुधाला तोंड लावणं सोडलं. मी न्हाणीघराच्या दाराला कान लावून बसायची. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानातलं गळू फुटलं आणि त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. आज दहा दिवस पुरे झाले. गुरांचे डॉक्टर बघून गेले, तो ठणठणीत आहे. लसही टोचली, मीच धरला होता. चिमीला आता धोका नाही म्हणतात.

कचेरीत जाऊन मी सगळं खरं सांगितलं. परवाना रद्द झाला. मालक तू आहेस, तेव्हा सोमवारी अकरा वाजता तुला हजर व्हायचंय.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाणी गिळताना पोर घाबरते का, त्यावर लक्ष ठेवा, रेबीजची ती खूण असते. तेव्हापासून चिमीने पेला उचलला की मी तिच्या गळ्याकडे बघते. आजही बघितलं. तिने पेला तसाच खाली ठेवला आणि विचारलं, मी पाणी प्यायले की तुला रडू का येतं.

तिला काय सांगायचं, ते तू येऊन सांग.

ताई