वारा थांबू दे

३ ऑगस्ट
शिखरांवर सर्वांआधी चढणाऱ्या सोबत्यांनो, ही रोजनिशी तुमच्यासाठी. दुर्बीण उभी राहिली की फीत कापायला मंत्री येतात. जागा पारखताना गारठलेल्यांचं नाव कुणाच्या तोंडी नसतं! पण आज तक्रार पुरे. आज मी पोचले. पायाशी अटाकामाचं वाळवंट, वर हात लावावासा वाटणारं आकाश. सोबतीला निवाल्दो कोल्के: गाडी, जनित्र, स्वयंपाक आणि टोमणे त्याच्याकडे. काम साधं: नव्या दुर्बिणीसाठी हा डोंगर पारखायचा. एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा न्याहाळायच्या. हवा खवळली की त्या थरथरतात. थरथर जितकी कमी, तितकी जागा चांगली.

५ ऑगस्ट
खालच्या गावचे सातुर्निनो आजोबा डोंगराला जेवू घालायला आले. वाइन ओतली, कोकाची पानं ठेवली. मग एकेकाने मागायचं. निवाल्दोने गाडीला नवे टायर मागितले. मी म्हणाले, वारा कायमचा थांबू दे. आजोबा हसले. म्हणाले, अगं पोरी, थोडा तरी शिल्लक ठेवायचास! डोंगर काही बहिरा नाही.

९ ऑगस्ट
थरथर जवळजवळ नाहीच. आकडे पाहून मुख्य कचेरी खूश. दुसरी तुकडी निघते आहे. झेंडा मात्र मेल्यासारखा लोंबतो.

१२ ऑगस्ट
स्टोव्ह पेटतो आणि आपल्याच धुरात गुदमरून विझतो. जनित्र बंद, त्यामुळे रेडिओही बंद. गाडीही सुरू होईना. निवाल्दो म्हणतो, बघा बाई, माझे टायर राहिले बाजूला. डोंगरालासुद्धा शिकलेल्यांचाच पुळका! हसलो. हसताना दोघांनाही धाप लागली.

१३ ऑगस्ट
निजलं की सोडलेला श्वास तोंडापुढेच साचतो. घुसमटून जाग येते. हवा हलते म्हणून माणूस जगतो, आणि आम्ही तिच्या हलण्यालाच शत्रू मानलं! ठरवलंय: एकाने झोपायचं, दुसऱ्याने पुठ्ठ्याने वारा घालायचा.

१४ ऑगस्ट
माझा डोळा लागला. गुदमरून उठले. पुठ्ठा हातातच होता. निवाल्दोचे ओठ निळे — हलवलं, ओरडले —

१५ ऑगस्ट
पायी उतरले. खाली गावात धूळ उडत होती. वारा! धावले. जसजशी उतरले तसतशी धूळ बसत गेली. चुलींचा धूर चढेना. मी जाते तिथे वारा थांबतोय. गावात तान्ही मुलं निजलेली असतील — मागे फिरले.

वाटेवरच्या फाटकाला ही वही बांधतेय. वर येणाऱ्यांनो, मला न्यायला येऊ नका. चालत राहिले तरच श्वास — पाय उचलत नाहीत — गाड्या इथूनच वळवा. आत्ताच्या आत्ता. वळवा आणि —