पौर्णिमासाठी पुस्तक

८ जुलै, मंगळवार
पौर्णिमाचा फोन. म्हणजे लावला मी, पण बोलली ती. नववीत प्रत्येकाने एक पुस्तक स्वतः निवडायचं आणि वर्गापुढे त्यावर बोलायचं आहे. म्हटलं, निवडायचं माझ्यावर सोड. "राहू द्या बाबा," म्हणाली. बापाला त्रास नको, ही भावना. पोरगी समजूतदार आहे.
दोन वर्षांपासून ती आईजवळ, प्रमोदिनीजवळ, वर्ध्याला नालवाडीत असते. मी आर्वीत. व्यवस्था तात्पुरती आहे.

९ जुलै
संकल्प. पुस्तक आधी आपण वाचायचं, मग पोरीला द्यायचं. रोज वीस पानं. हे प्रमोदिनीच्या नजरेला पडेलच. तिथून बोलणं सुरू होईल.

१० जुलै
वाचन नाही. ऑफिसात ऑडिट.

११ जुलै
बस स्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, मुलीला काय आवडते? पक्षी, मी ताडकन सांगितलं. पाच वर्षांची असताना खिडकीतल्या प्रत्येक चिमणीला नाव द्यायची. बाप विसरत नसतो. पक्ष्यांचं रंगीत पुस्तक घेतलं. चाळलं. वाचल्यासारखंच.

१३ जुलै, रविवार, सकाळ
वर्ध्याची एसटी. इस्त्रीचा शर्ट. जेवायला थांबवतीलच, म्हणून नाश्ता टाळला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जेवायला थांबलो नाही. प्रमोदिनीला बाहेर जायचं होतं.
पौर्णिमाने पुस्तक आधीच मिळवलं होतं. शाल्मली नावाच्या मैत्रिणीने वाचून सांगितलं, मग हिने शाळेच्या लायब्ररीत नंबर लावला. कपाटाशी उभ्याउभ्या दोन पानं वाचायची, मन लागलं तरच घ्यायचं, असं करतात म्हणे या पोरी. पद्धत कच्ची आहे, मी म्हणालो.
मग माझं पुस्तक दिलं. तिने उघडलं नाही. हळूच म्हणाली, "बाबा, मागच्या वाढदिवसाले तुम्ही हेच देल्लं होतं."
"ही नवीन आवृत्ती आहे," मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "शेजारच्या रक्षाले देऊ का? दुसरीत आहे ते."
दे म्हटलं.

१४ जुलै
तसं माझं चुकलं नाही. दोनदा तेच निवडलं, म्हणजे निवड पक्की.
पौर्णिमा उद्या वर्गात बोलणार. ऑल द बेस्ट म्हणावं म्हणून फोन हातात घेतला. तेव्हा लक्षात आलं, ती कोणतं पुस्तक वाचते आहे, ते मी विचारलंच नाही.
फोन खाली ठेवला.