शाळा सोडल्याचा दाखला

सेक्टर ११, द्वारका,
नवी दिल्ली
१० जुलै २०१९

प्रिय उल्का,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तुझं पाकीट परवा सकाळी मिळालं. वृंदाचा शाळा सोडल्याचा दाखला नीट पोहोचला, सोबतची तुझी चिठ्ठीही मिळाली. अक्षर अजून तसंच आहे हो तुझं, ओळ सोडून वर वर चढत जाणारं! तू लिहिलंयस की कॉलेजच्या हॉस्टेलात जागा मिळाली नाही, तर नातीला तीन वर्षं तुमच्याकडे ठेवून घ्याल का वहिनी. पुढे लिहिलंयस, ‘पोरगी कामाची आहे. स्वयंपाकपाणी, धुणंभांडी सगळं करील, तुमचे पाय चेपून देईल आणि उरल्या वेळात अभ्यास करील. मी होते ना तुमच्याकडे, तशीच.’ हो की नाही ते लगेच कळवा म्हणतेस. फोनवर एका शब्दात सांगता आलं असतं. पण त्या ‘तशीच’ला फोनवर उत्तर देणं मला जमेना, म्हणून लिहायला बसले. आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुला ती खोड आहे. सगळं ओळीने वाच आणि मग तूच ठरव, वृंदाला माझ्याकडे पाठवायची की नाही.

गेल्या महिन्यात तुझा जावई गुणवंत तिला घेऊन आला होता, तेव्हा दोन दिवस मी पोरीला न्याहाळत होते. गणितात ऑनर्स, दिल्लीच्या कॉलेजात, आणि तीही आपल्या लताची मुलगी! मला इतका आनंद झाला की मी सोसायटीत खालपासून वरपर्यंत पेढे वाटले. लिफ्टमधली गुप्ताआंटी म्हणाली, आपकी पोती है? मी म्हटलं, हां जी, बिल्कुल. पण एक गोष्ट मला खुपली. मी चहा संपवून कप खाली ठेवायच्या आत वृंदा तो उचलून विसळून यायची. कुणी सांगितलेलं नाही, मागितलेलं नाही. अगदी तशीच तू उठायचीस सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. हा गुण म्हणायचा की सवय, ते मला पूर्वी कळत नसे.

बहात्तरच्या जूनमध्ये तू दिल्लीला आलीस तेव्हा तेरा वर्षांची होतीस. गावाकडे दुष्काळ, विहीर आटलेली, आणि मामंजींनी ह्यांना लिहिलं की तुझी धाकटी बहीण उल्का आठवी पास झाली आहे, हुशार आहे, तिकडे नेऊन पुढे शिकव. मराठी शाळा पहाडगंजला आहे हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. तू स्टेशनवर उतरलीस ती हातात पत्र्याची पेटी घेऊन, आणि पेटीत कपडे कमी नि वह्या जास्त. हे तुला शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंनी तुझी तोंडी परीक्षा घेतली आणि म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, नववीत बसवते, फक्त दाखला आणा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलीच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का लागतो, हे आपल्यासारख्या बदलीवाल्या घरांना पाठ असतं. तुझा दाखला औरंगाबादला सहीसाठी गेला होता. बाईंनी पंधरा ऑगस्टपर्यंत जागा राखून ठेवली.

तेव्हा अविनाश चार महिन्यांचा होता आणि माझी रजा संपत आली होती. जनगणनेच्या ऑफिसात मी टेंपररी होते, मार्चमध्ये कायम करणार होते, आणि त्याआधी रजा वाढवली असती तर नोकरी गेलीच म्हणायची. बाळाला सांभाळायला ठेवलेली बाई एक दिवस गेली ती आलीच नाही पुन्हा. सासूबाई येऊ शकत नव्हत्या. माझ्या माहेरात बी.ए. झालेली मी पहिली मुलगी गं, त्या नोकरीवर माझा जीव होता. टेबलावर माझ्या नावाची पाटी नव्हती, पण टेबल माझं होतं. मग दाखला येईपर्यंत तू अविनाशला सांभाळशील असं ठरलं. तू किती हौसेने सांभाळलंस! सकाळी डीएमएसच्या बूथवर दुधाच्या बाटल्यांसाठी रांगेत उभी राहायचीस, तिथेच हिंदी शिकलीस. शेजारच्या खुराणांच्या मुलीचं नववीचं गणिताचं पुस्तक मागून आणायचीस आणि एका पायाने पाळणा हलवत उदाहरणं सोडवायचीस. पोस्टमनची सायकल दिसली की धावत दारात जायचीस. मी घरी असले की मागून हसायचे, म्हणायचे, अगं, दाखला काय पळून जातोय!

आणि दाखला काही आला नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, मी नाही म्हटलं. सरकारी माणूस तो, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाले, फाईल अडकली असेल कुठेतरी, लागतो वेळ. पंधरा ऑगस्ट गेला. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची सहल पानिपतला, लढाईच्या स्मारकाला काला अंबला गेली, आठवतं तुला? शाळेच्या मुली गणवेशात ओळीने उभ्या राहून समूहगीत म्हणत होत्या. त्यांच्या मागे तू, अविनाशला कडेवर घेऊन. कार्यक्रम संपल्यावर प्रमोदिनीबाईंनी तुला ओळखलं आणि विचारलं, काय गं, दाखला आला का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी अविनाशचं टोपडं नीट करायला लागले. मग तूच म्हणालीस, नाही आला बाई. बाई हळहळल्या. त्या दिवशी बसमध्ये तू सगळ्यांबरोबर भेंड्या खेळलीस आणि मी डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून बसले.

मी ऑफिसात काय काम करायचे ते तुला कधी सांगितलं नाही. एकाहत्तरच्या जनगणनेचे तक्ते माझ्याकडे तपासायला यायचे. एका बाजूला बायकांचं शिक्षण: निरक्षर, प्राथमिक, मिडल, मॅट्रिक, पदवीधर. आणि समोर, तिला किती मुलं झाली. वरून खाली यावं तसे आकडे उतरत जायचे. शाळेत आणखी चार वर्षं गेलेली बाई उशिरा लग्न करते, कमी मुलांना जन्म देते, जास्त मुलं जगवते, आणि तिच्या मुली पुन्हा शाळेत जातात. हे मी राज्याराज्यांतून तपासलं, बेरजा जुळवल्या, सही केली. बेरजेत माझी चूक कधी निघाली नाही. आणि घरी येऊन तुझ्या हातचा चहा प्यायचे. तक्त्यातल्या दोन ओळी एका छपराखाली राहत होत्या, आणि मला ते दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं.

पुढचं तुला माहीत आहे, ते तूच भोगलंस. चार वर्षांनी अविनाश शाळेत जायला लागला आणि तू गावी परत गेलीस. सतराव्या वर्षी वैजापूरला लग्न, नंतर पाच बाळंतपणं. तुझी चंद्रप्रभा जुलाबांनी गेली, अकरा महिन्यांची होती. तुझं कार्ड आलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या कपाटात मीठ-साखरेच्या पाण्याची माहितीपत्रकं गठ्ठ्याने पडलेली होती. मला माहीत होतं, तुला नव्हतं. मग लताला तू सातवीतून काढलंस, धाकट्यांना बघायला. मी तेव्हा तुला केवढं लांबलचक पत्र लिहिलं होतं, मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे! निर्लज्जपणा बघ माझा. तू उत्तरात एवढंच लिहिलंस की वहिनी, घरात दुसरं कोण आहे. इकडे माझा एकुलता एक लेक शिकला, आय.आय.टी.त गेला, तिथून टोरांटोला. दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो. त्याला पहिली बाराखडी तू गिरवून घेतलीस हे त्याला आठवतसुद्धा नाही. हे गेल्यापासून तीन खोल्यांत मी एकटी आहे, पण ती तक्रार नाही.

आता लिहितेच. दाखला आला होता, उल्का. ऑगस्टच्या पाच तारखेला. शनिवारी आमचं ऑफिस लवकर सुटायचं म्हणून मी दुपारी घरी होते, तू अविनाशला घेऊन खुराणांकडे गेली होतीस. पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं. सही होती, जांभळा गोल शिक्का होता, सगळं वेळेत होतं. मी स्वतःला म्हटलं, सोमवारी देऊ. सोमवारी म्हटलं, बाळाला बाई मिळू दे. मग पंधरा तारीख टळली, आणि टळल्यावर मला हायसं वाटलं. कपाटात साड्यांखाली जे वर्तमानपत्र अंथरलं होतं त्याच्याखाली मी तो दाखला सरकवला. सरोजिनी नगरहून रामकृष्ण पुरम्, तिथून द्वारका, तीन घरं झाली. दर वेळी कागद बदलला आणि दाखला पुन्हा त्याच्याखाली ठेवला. ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुझं शिक्षण थांबवून मी माझं शिक्षण वापरलं. दुसऱ्या कुणाचा, सरकारचा, पोस्टाचा, दुष्काळाचा त्यात काडीचा दोष नाही. मी नुसती क्षमा मागितली तर तू लगेच ‘असू दे वहिनी’ म्हणशील, मला माहीत आहे. म्हणून सांगते, लगेच म्हणू नकोस. रागाव. शिव्या दे. लताला वाचून दाखव, तिचाही त्यात वाटा आहे.

आता हे आजच का लिहितेय, ते ऐक. परवा तुझी चिठ्ठी वाचली, ‘धुणंभांडी करील, पाय चेपील’, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं. गुडघे दुखतात, कामवाली दांड्या मारते, पोरगी घरात असली तर बरंच. त्र्याहत्तर वर्षांची झाले तरी पहिला विचार तोच! आणि समोर टेबलावर पुन्हा एक दाखला, पुन्हा माझ्याच हातात. मला स्वतःची भीती वाटली, उल्का. चहा तसाच टाकून चपला घातल्या, मेट्रोने राजीव चौक, तिथून गाडी बदलून विद्यापीठ, पुढे रिक्षा, आणि भर उन्हात कॉलेजची खिडकी गाठली. खिडकीतला बाबू दाखला बघून म्हणाला, माताजी, अभी तो बीस तारीख तक टाइम है, इतनी धूप में आने की क्या जल्दी थी? त्याला काय सांगणार! पोचपावती घेतली, ती सोबत जोडली आहे. तिच्याखाली तुझा दाखला आहे, घडीवर थोडा फाटलाय, शिक्का अजून स्पष्ट आहे. माझं उत्तर हो आहे. अविनाशची खोली झाडून घेतली, खिडकीपाशी टेबल लावलं, स्वयंपाकाला वेगळी बाई ठरवली. वृंदा आपला कप विसळेल, माझा नाही. पण हे सगळं वाचल्यावर पोरीला या घरात पाठवायला तुझं मन धजलं नाही, तर कॉलेजजवळ मुलींचं एक चांगलं वसतिगृह मी त्याच फेरीत बघून आले आहे, तिथे तिची सोय लावून देईन आणि वाईट वाटून घेणार नाही. वर्ग वीस तारखेला सुरू होतात. तू कुठे म्हणशील तिथे, पण तिला वेळेत पाठव.

‘तुझीच’ लिहायचा हक्क राहिला की नाही, ते तुझ्यावर सोडते.

सुमित्रावहिनी