गनीम कोणाला म्हणायचं?

प्रिय अबोली,

रविवारी तुझे बाबा महाळुंग्याला व्याख्यान देऊन आले. हो, महाळुंग्यालाच! निमंत्रण सोपानरावांचं. तू त्यांना ओळखतेस. बाबांना मात्र ते देवळाचे विश्वस्त एवढंच ठाऊक होतं, आणि मीही जास्त सांगायला गेले नाही. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाला श्रोते मिळताहेत म्हटल्यावर स्वारी आकुर्डीहून मला घेऊन निघाली.

विषय होता, जुन्या कागदांत लोकांची आणि राज्यांची नावं कशी बदलतात. बाबांनी सुरुवातच केली, "मोगलांच्या कागदांत मराठ्यांना गनीम म्हटलंय, म्हणजे शत्रू." लगेच सोपानरावांच्या शालनबाई उठल्या. "गनीम कोनाला म्हनता, सर?" बाबा गडबडले. "मी नाही हो, मोगल." "मंग आपली मान्सं त्यास्नी काय म्हनायची?" बाबा चष्मा पुसत पुटपुटले, "गनीमच." "म्हंजी ह्यो बी गनीम, त्यो बी गनीम! कागद कुनाचा त्ये तर सांगा आधी!" अख्खा मंडप हसला आणि, विश्वास ठेव, बाबाही.

मग सोपानरावांना चेव आला. "माजी आई जल्मली मुंबई इलाख्यात, नांदाय आली मुंबई राज्यात, म्हातारी झाली महाराष्ट्रात. सासर-माहेर याच गल्लीत, बरं का! आता नातवंडं म्हनत्यात, आमी एमआयडीसीच्या फेज टूला ऱ्हातो." बाबांनी हे टिपून घेतलं.

पंगतीत मटकीची उसळ वाढायला एक उंच मुलगा आला. बाबांनी कौतुकानं नाव विचारलं. "अजिंक्य, सोपानरावांचा मुलगा," तो म्हणाला, आणि दिवाळीला तू सांगितलेलं नाव ऐकून बाबांचा घास हातातच राहिला. शालनबाईंनी पानात जिलेबी टाकली. "सर, दिवाळीपास्नं तुमी आमास्नी 'ती मंडळी' म्हनताय. आमी तुमास्नी 'सोसायटीवाले' म्हनतो. आता काय ठरवायचं?" बाबा म्हणाले, "विचार करून सांगतो." पण जिलेबी त्यांनी संपवली. आणखी दोन घेतल्या.

परतताना अजिंक्यनंच गाडीनं सोडलं. मोशी मागे पडल्यावर बाबा त्याला गाडीच्या ॲव्हरेजबद्दल विचारायला लागले. काल सकाळी मी स्वयंपाकघरात असताना फोनवर त्यांचा आवाज ऐकला, "नमस्कार, व्याहीबुवा आहेत का?"

म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी ती सगळी आपल्याकडे येताहेत, तेव्हा तू शनिवारीच बंगळूरहून ये. दिवाळीला तुला जे बोलले, त्यानंतर तुला फोन करायची बाबांची हिंमत होत नाही. पण स्टेशनवर तेच येणार आहेत. काय बोलायचं ते सकाळपासून आरशासमोर पाठ करताहेत. नाहीच जमलं, तर पहिलं तूच बोल.

तुझीच,
आई