काठोकाठ भरलेली खालची टाकी

सेलू, मंगळवार, १२ मार्च १९९१

संध्याकाळी लाइट गेली. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप थांबला आणि वरच्या काचेच्या टाकीतलं, रत्नागिरीहून कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणी पाइपातून उलटं खालच्या टाकीत उतरलं. तीही मी काठोकाठ भरलेली! सगळं पाणी घरभर. वरच्या टाकीत पाळलेलं जिवंत पोवळं निम्मं उघडं पडलंय. जगेल का?

खालची टाकी निम्मी रिकामी ठेवायची, एवढं सुचू नये? पण नळाला चार दिवसांनी पाणी येतं. भांडं दिसलं की काठोकाठ भरायचं, हीच सवय.

बायकोनं फरशी पुसून फडकं बादलीत पिळलं. "हे झाडाला घातलं तर झाड मरंल. कुठं टाकू?"

बादली अजून दारातच आहे. पाणी फेकायचं कुठं, हा प्रश्न या घरात आजवर कुणाला पडलाच नव्हता.