सत्तेचाळीस नंबरचा डबा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे रीत म्हणून लिहिलं, मनात सध्या एकही शिल्लक नाही.

नगरपालिकेच्या ऑफिसात फोन करायचा नाही असं तू बजावलंस, म्हणून पत्र. आज ऐन जेवणाच्या गर्दीत तुझ्या माणसाने खानावळीच्या दारावर दुसरी नोटीस डकवली. खाली तुझी सही. ज्या हाताला धरून मी अक्षरं गिरवून घेतली, त्याच हाताची! गिऱ्हाईकं माना वळवून वाचत होती आणि मी डाव हातात घेऊन मख्खासारखी उभी. एकाने तर अर्धं ताट तसंच टाकलं.

आरोप काय, तर माझ्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात फुटक्या काचा. अरे, माझ्याकडे काच येणार कुठून? ताटं स्टीलची, पेले स्टीलचे, बरण्या प्लास्टिकच्या. सालं आणि उष्टं एकीकडे, कागद-पुठ्ठा दुसरीकडे, हे तुमचं नियमांचं चोपडं यायच्या आधीपासून मी करते. डबा तर रोज गरम पाणी, सोडा आणि तारेची घासणी घेऊन घासते, आईने आपल्याला पातेली घासायला लावली तस्सा. घासून घासून डब्यावर रंगवलेला नंबराचा आकडा गेला, तेव्हा तुला मीच कळवलं होतं ना?

तिसऱ्या नोटिशीला दाराला सील लागतं, हे तूच सांगितलंस. मग मी आणि माझ्या दोघी स्वयंपाकिणी, आम्ही तिघींनी काय करायचं? तुझ्या खुर्चीकडे बघत बसायचं?

लोभ होता, इतकंच लिहिते.
तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझ्याही अंगाचा तिळपापड झाला, आणि तो मी लपवणार नाही. तुझ्या दारावर कागद लागला. कचऱ्याच्या गाडीवरच्या मामांचं काय झालं, हे विचारलंस का? सत्तेचाळीस नंबरचा डबा, म्हणजे तुझाच, त्यांनी गाडीत उपडा केला. तळाला अडकलेला कचरा हाताने ओढला. ओल्या कचऱ्यात काच असेल असं कुणाच्या ध्यानीमनी येणार? तळहाताला नऊ टाके पडले. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. काच गुंडाळून, वेगळ्या खोक्यात द्यायची हा नियम मी हौसेने केलेला नाही.

ऑफिसात आधीच कुजबुज आहे की बहिणीची खानावळ म्हणून साहेब डोळेझाक करतात. म्हणून पाच महिने मी तुझ्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. पाहणी हाताखालचा माणूस करतो, मी फक्त सही करतो. तुझ्यासाठी एकच गोष्ट केली. आकडा गेला म्हणालीस, तेव्हा लगेच रंगाऱ्याला पाठवलं. तेवढ्यावरही लोक बोलले.

तिसऱ्यांदा काच सापडली तर मी सील लावीन. रागावलीस तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद पुढच्या पत्रात. आधी ऐक.

काल मामा स्वतः आले, हाताला पट्टी, तोंडाने तोफखाना. मी काच टाकून त्यांच्या पोटावर पाय दिला म्हणाले. मी म्हटलं, चला, मागच्या गल्लीत, डबा दाखवा. त्यांनी बोट दाखवलं ते शेजारच्या फ्रेमवाल्याच्या भिंतीशी टेकलेल्या डब्याकडे. चिकट, काळाकुट्ट, झाकण लोंबतंय आणि वर नव्या रंगात सत्तेचाळीस! माझ्या लखलखीत डब्यावर सेहेचाळीस. रोज घासताना मी तो आकडा बघत होते, पण तुमच्या ऑफिसाने नंबर बदलले असतील म्हणून सोडून दिलं. नोटिशीवरचा बारीक नंबर वाचायचं मला सुचलंच नाही, खानावळीचं नाव दिसलं आणि डोकं फिरलं. ही माझी चूक, कबूल.

रंगाऱ्याला चौकात गाठलं. त्याचं म्हणणं, दोन्ही डब्यांवर आकडा नव्हता, एकावर घासून आणि एकावर मळाने. मग त्याने अंदाज केला की खानावळीचा तो घाणेरडाच असणार. ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फ्रेमवाल्याला मात्र सगळं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या नंबराचा डबा आयता मिळाल्यावर तो काचेच्या पट्ट्या बिनघोर टाकत होता.

पण त्या दोघांपेक्षा मला तुझा राग आहे. रंगारी परका. तू एकदा त्या गल्लीत डोकावला असतास, तर आपल्या आईच्या हातची घासणी कुठल्या डब्यावर फिरली आहे हे तुला आकडा न वाचता कळलं असतं. पक्षपात नको म्हणून तू डोळेच मिटून घेतलेस!

तुझी ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी येऊन गेलो. काळ्या डब्याचा मळ नखाने खरवडला, खाली जुना सेहेचाळीस निघाला. तुझ्या दोन्ही नोटिसा रद्द केल्या, रद्द झाल्याचा कागद उद्या दारावर लागेल. त्या दोन्ही फ्रेमवाल्याच्या नावावर चढल्या, त्या दिवशी डब्यात पुन्हा काच सापडली आणि त्याच्या दाराला सील लागलं. न बघता सह्या केल्या हे मी वरच्या साहेबांना लेखी कळवलं आहे. काय व्हायचं ते होवो.

तुझ्या दाराशी उभा होतो. आत येण्याचं धाडस झालं नाही. क्षमा कर.

तुझा,
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी खरे.

दाराशी येऊन पाणीही न पिता गेलास, त्याबद्दल वेगळं भांडेन. दारावरचा कागद गिऱ्हाईकांनी वाचला, माझी खानावळ वाचली. तरी राग गेलेला नाही आणि का, ते सांगते.

मामा सकाळी येतात. डबा डाव्या हाताने उचलतात, झाकण कोपराने दाबतात, एक सालही खाली सांडत नाही. काल म्हणाले, त्यांना कामाला अयोग्य ठरवणारा कागद ऑफिसात तयार आहे. तपासणी झालेली नाही, कुणी येऊन बघितलेलं नाही. आता फक्त सही राहिली आहे, तुझी.

गाडी सकाळी सात वाजता मागच्या गल्लीत येते. पेन घरी ठेवून ये.

लोभ किती ठेवायचा ते त्यानंतर ठरवीन.
तुझी ताई