‘पिशवीवरची गाय’, पान सोळा

शिरूर, ३ ऑक्टोबर १९९८
जमलं! दौंडहून नौशादनं एसटीच्या कंडक्टरकडं फ्लॉपी धाडली – चिवड्याच्या पुडीत. माझ्या दिवाळी अंकाचे लेख तो तिकडं टाइप करतो, छापतात इथं त्याचे मामा शेखलालभाई. मामांचा नि माझा फाँट एक, भाच्याचा भलताच. त्याची फाइल इथं उघडली की नुसती रांगोळी! म्हणून सोबत त्यानं एक प्रोग्रॅम दिलाय. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव, फाइलचं नाव, एंटर – त्याच्या फाँटचं आमच्या फाँटात. एक कथा वाचता आली. भिकार आहे, पण वाचता आली.

५ ऑक्टोबर
माझा लेख मी घरीच टाइप केला, आमच्याच फाँटात. ‘पिशवीवरची गाय’. दूध संघाचे चेअरमन बापूसाहेब – पिशवीवर गायीपेक्षा यांचाच फोटो मोठा! दहा वर्षं गुदगुल्या केल्या, यंदा चिमटा. चौकात सांगूनही ठेवलंय: यंदा चेअरमनची बिनपाण्यानं.
बायको – अनुपमा – म्हणाली, “माझी नोकरी त्यांच्याच शाळेत आहे, हे लिहिताना आठवलं होतं का?”
आठवलं होतं. तरी लिहिलं. तिनं लेख वाचायलाच नकार दिला.

८ ऑक्टोबर
मागच्या दिवाळीत शेखलालभाईंनी घाबरून माझी दोन वाक्यं गाळली होती. आज प्रेसवर जाऊन बजावलं – माझ्या पानाला हात लावायचा नाही. वाचायचंसुद्धा नाही. येईल तसं छापा.

९ ऑक्टोबर
एकेक फाइल बदलत बसायला मी काय कारकून आहे? ‘कॉपी’ लिहिलं, सगळ्या फायली अधिकाच्या चिन्हांनी जोडल्या, माझा लेखही त्यातच घातला, आणि त्या लांबलचक फाइलवर प्रोग्रॅम एकदाच फिरवला. पहिली दोन पानं पाहिली – चोख! माझा लेख तर आधीच तीनदा वाचून झालाय. फ्लॉपी प्रेसला पोचती केली. तालुक्यातल्या संपादकांची शिकवणी घ्यावी म्हणतो.

१७ ऑक्टोबर
प्रकाशन. बापूसाहेबांनी मला शाल दिली! माइकवर म्हणाले, “संपादकांनी आमची बिनपाण्यानं केली. पर आमी हसत हसत करून घेतली!” टाळ्या. पोस्टमास्तरांना लेख झणझणीत वाटला. अनुपमाच्या हेडमास्तरांनी म्हणे दोनदा वाचला. नोकरी शाबूत, चिमटाही बसला. लेखणीत दम लागतो!

१८ ऑक्टोबर
शाल जरा टोचते.

१९ ऑक्टोबर
आज अंक स्वतः उघडला. पान सोळा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत रांगोळी. आधीच बरोबर असलेलं माझं पान प्रोग्रॅमनं पुन्हा बदलून ठेवलं.
प्रेसवर गेलो. शेखलालभाई शांतपणे म्हणाले, “तुमीच म्हणला व्हता, वाचायचं न्हाई. आमी न्हाई वाचलं.”
बाकीच्यांना तर मी बजावलंही नव्हतं.